पुस्तक मिटल्यावर

ई. एम. फोर्स्टर यांची ‘हॉवर्ड्स एंड’ ही कादंबरी 1910 साली आली. तिची सुरुवात पत्रांनी होते. हेलन श्लेगेल ही तरुणी विलकॉक्स कुटुंबाच्या खेड्यातल्या घरी पाहुणी म्हणून गेलेली आहे आणि तिथून थोरल्या बहिणीला लिहिते आहे. घर कसं आहे, झाडं कोणती, माणसं कशी वागतात, असं सगळं त्यात येतं. मधेच एक ओझरता तपशील आहे: घरच्या मालकीणबाई सकाळी ओल्या गवतातून झग्याचा घोळ ओढत हिंडत होत्या आणि परतल्या तेव्हा त्यांच्या हातात कापलेलं गवत होतं. दोन-चार ओळींत हेलन पुढच्या विषयाकडे वळते.

1992 सालच्या चित्रपटात सुरुवातीला पत्र नाही. तिन्हीसांजेची वेळ आहे. मालकीणबाईंच्या भूमिकेतली व्हेनेसा रेडग्रेव्ह घराबाहेरच्या हिरवळीवरून एकटीच चालते आहे आणि झग्याचा घोळ गवतावरून मागे सरकतो आहे. खिडक्यांमधून दिव्यांचा उजेड आणि घरच्यांच्या हसण्या-बोलण्याचे आवाज बाहेर येतात. ती थांबून आत पाहते, पुन्हा चालू लागते. हे घर शेवटी कोणाच्या मालकीचं व्हायचं, हा सबंध कादंबरीचा प्रश्न. राहते तिथे सगळी विलकॉक्स मंडळी, पण मनाने ते या एकाच बाईचं आहे, हे प्रेक्षकाला पहिल्या दोन-तीन मिनिटांत एकही संवाद न होता कळून जातं. पत्राच्या पोटात दडलेला एक तपशील उचलून चित्रपटाच्या दारात आणून ठेवला आहे. सकाळची संध्याकाळ केली आहे, आणि ते मला फार योग्य वाटतं, कारण उजळलेलं घर बाहेरच्या अंधारातूनच नीट दिसतं.

या चित्रपटाच्या पटकथेला 1993 साली ऑस्कर मिळालं. लेखिकेचं हे दुसरं ऑस्कर होतं. पहिलं 1987 साली फोर्स्टर यांच्याच ‘अ रूम विथ अ व्ह्यू’च्या पटकथेसाठी मिळालं होतं, आणि त्याआधी 1975 साली ‘हीट अँड डस्ट’ या स्वतःच्या कादंबरीसाठी बुकर पारितोषिक. बुकर आणि ऑस्कर हे दोन्ही सन्मान मिळवणारी ती एकमेव व्यक्ती. नाव रूथ प्रावर झाबवाला. आडनाव पारशी, जन्म जर्मनीतला, इंग्रजी शाळेत गेल्यावर शिकलेली, संसार दिल्लीतला आणि अखेर न्यूयॉर्कमध्ये.

रूथ यांचा जन्म 1927 साली कोलोन शहरातल्या ज्यू कुटुंबात झाला. वडील वकील होते. नाझी राजवटीत तिथे राहणं अशक्य झालं, तेव्हा 1939 साली, महायुद्ध पेटण्याच्या काही महिने आधी, आई-वडील आणि दोन मुलं इंग्लंडला निघून आली. मागे राहिलेले वडिलांकडचे बहुतेक नातेवाईक छळछावण्यांत मारले गेले. ते कळल्यावर 1948 साली वडिलांनी आत्महत्या केली. रूथ यांनी लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इंग्रजी साहित्याची पदव्युत्तर पदवी घेतली. लंडनमध्येच सायरस झाबवाला या पारशी वास्तुविशारदाशी ओळख झाली आणि 1951 साली लग्न करून त्या दिल्लीला आल्या. तिथे तीन मुली वाढवता वाढवता त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. पहिली 1955 साली प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकांत दिल्लीतली मध्यमवर्गीय घरं, सुनांची आणि सासवांची कुरबुर, नोकरीत बिचकणारे तरुण मास्तर असे विषय होते. पुस्तकं वाचून लेखिका जन्माने भारतीय असावी असं अनेक परदेशी वाचकांना वाटे.

यापैकी ‘द हाउसहोल्डर’ ही कादंबरी 1960 सालची. ती वाचून मुंबईचा इस्माईल मर्चंट आणि अमेरिकन जेम्स आयव्हरी हे दोन तरुण तिच्यावर चित्रपट काढायला निघाले. मर्चंट यांचा जन्म मुंबईतला, वडील कापडाच्या व्यापारात, शिक्षण सेंट झेव्हियर्स कॉलेजात आणि मग न्यूयॉर्कला. त्यांनी फोन केला तेव्हा रूथ यांनी आपण आपल्या सासूबाई आहोत असं भासवून त्यांना टाळायचा प्रयत्न केला. मर्चंट टळणाऱ्यांतले नव्हते. पटकथा कधी लिहिलेली नाही, ही रूथ यांची अडचणही त्यांनी ऐकून घेतली नाही; आपण पूर्ण लांबीचा चित्रपट कधी निर्माण केलेला नाही आणि आयव्हरी यांनी दिग्दर्शित केलेला नाही, तेव्हा तिघंही सारखेच, असं त्यांचं म्हणणं.

1963 साली चित्रपट पूर्ण झाला. शशी कपूर आणि लीला नायडू प्रमुख भूमिकांत होते, कॅमेरा सत्यजित राय यांच्या सुब्रत मित्रांकडे होता. इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही आवृत्त्या चित्रित झाल्या. पहिल्या जुळणीत चित्रपट मनासारखा उतरेना, तेव्हा खुद्द राय यांनी त्याच्या संकलनात हात घातला. वितरणाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. त्या काळी हॉलिवूडच्या कंपन्यांनी भारतात कमावलेला पैसा सरकारी नियमांमुळे देशाबाहेर नेता येत नसे आणि तो इथल्या बँकांत अडकून पडे. कोलंबिया कंपनीने त्या अडकलेल्या रुपयांतून चित्रपटाचे हक्क घेतले. रूपांतराची कला कितीही सूक्ष्म असली, तरी तिच्या पायाशी पैशांची अशी एखादी वाट शोधून काढणारा माणूस लागतो. या तिघांत तो माणूस चाळीसहून अधिक वर्षं मर्चंट होते.

पुढे हेन्री जेम्सकडे हे तिघं वळले त्यामागे साहित्यप्रेम होतंच, पण व्यवहारही होता. जेम्स 1916 साली वारले होते, त्यामुळे ‘द युरोपियन्स’ करताना कादंबरीच्या हक्कांसाठी कोणापुढे हात पसरायची गरज नव्हती. फोर्स्टर यांचं तसं नव्हतं. हयातीत त्यांनी आपल्या कादंबऱ्यांवर चित्रपट होऊ दिले नाहीत, राय यांनाही नकार दिला. 1970 साली ते गेल्यावर हक्क केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजकडे आले, आणि तिथल्या मंडळींचं मन वळवल्यावरच ती दारं उघडली.

आता रूथ काम कसं करत, याकडे वळू. हाती घेतलेली कादंबरी त्या अनेकदा वाचत. मग ती मिटून बाजूला ठेवत आणि आठवणीतून चित्रपटाचा स्वतंत्र आराखडा मांडत. आराखडा उभा राहिला, की पुन्हा पुस्तकाकडे येत. कादंबरी लिहिणारीच हे करू धजेल असं मला वाटतं. पुस्तक समोर उघडं ठेवून लिहिणारा पटकथाकार पानामागून पान पुढे सरकतो. चांगलं वाक्य दिसलं की ते संवादात घालतो, आवडता प्रसंग दिसला की तो ठेवतो, आणि शेवटी हाती येते ती कादंबरीची सचित्र संक्षिप्त आवृत्ती. पुस्तक मिटल्यावर काय टिकतं? कोण कोणावर अवलंबून आहे, कोण कोणापासून काय लपवतं, कोणाला काय हवं आहे आणि ते मागायचं धैर्य कोणात नाही, इतकंच. त्या एवढ्याशा शिदोरीवर त्या नवा डोलारा उभा करत.

चित्रीकरणाच्या ठिकाणी त्या सहसा फिरकत नसत. गर्दी, उन्हातली धावपळ, पुन्हा पुन्हा घेतलेले शॉट यांत त्यांना रस नव्हता. संकलनाच्या खोलीत मात्र त्या हजर असत. पटकथा कागदावर पूर्ण होत नाही, ती तिथे पूर्ण होते, हे त्यांनी लवकर ओळखलं. एखादा प्रसंग काढून टाकला, की त्याच्या आधीचा आणि नंतरचा प्रसंग शेजारी येतात आणि त्या शेजारामुळे तिसराच अर्थ निघतो. कादंबरीकाराला हे शिकायला सहसा जागा मिळत नाही. ‘हीट अँड डस्ट’ वाचताना हे शिक्षण जागोजागी दिसतं. 1923 सालची ऑलिव्हिया ही इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि नबाबाबरोबर निघून जाण्याची तिची गोष्ट. पन्नास वर्षांनी तिच्या खुणा शोधत आलेली दुसरी एक इंग्रज तरुणी. हे दोन काळ त्यात मध्ये काही न समजावता एकमेकांना खेटून ठेवले आहेत.

ही कादंबरी पडद्यावर आणायची वेळ आली तेव्हा रूथ यांच्यापुढे स्वतःचंच पुस्तक होतं. कादंबरीतल्या शोध घेणाऱ्या तरुणीला नाव नाही. ती डायरी लिहिते आणि डायरी लिहिणाऱ्याला स्वतःचं नाव लागत नाही. चित्रपटात मात्र समोरचा माणूस तिला हाक मारणार, तिच्याकडे पाहणार. ज्यूली ख्रिस्तीने साकारलेल्या त्या पात्राचं नाव ॲन झालं. बदल वरवर पाहता किरकोळ आहे. पण माध्यम बदललं की काय होतं ते त्यात पूर्ण दिसतं: आतून बोलणारं माणूस बाहेरून दिसू लागतं. 1983 सालच्या या चित्रपटाच्या पटकथेला ब्रिटनचं बाफ्टा पारितोषिक मिळालं.

माझ्या मते रूथ यांच्या रूपांतरांचा सगळा खटाटोप या एका अडचणीभोवती फिरतो. कादंबरीत कोणीतरी सांगत असतं. फोर्स्टर सांगतात, जेम्स सांगतात आणि सांगता सांगता टोकतात, हळहळतात, वाचकाला बाजूला घेऊन कानात बोलतात. कॅमेऱ्याला हे करता येत नाही. मग निवेदकाचं करायचं काय? पार्श्वभूमीला आवाज टाकणं हा सोपा उपाय, आणि बहुतेक वेळा तो पराभवच असतो. रूथ यांनी दर पुस्तकासाठी वेगळी वाट काढली.

‘अ रूम विथ अ व्ह्यू’मध्ये कादंबरीच्या प्रकरणांची शीर्षकं पडद्यावर पाट्यांसारखी येतात. फोर्स्टर यांचा मिस्कील सूर त्यातूनच पोचतो, पुढचं नटांवर सोपवता येतं. ‘हॉवर्ड्स एंड’मध्ये उपाय जास्त खोल आहे. कादंबरीत हेलन आणि तिची भावंडं बेथोव्हेनची पाचवी सिंफनी ऐकायला सभागृहात जातात. संगीत ऐकताना हेलनच्या मनात पिशाच्चं विश्वावरून चालत गेल्याची कल्पना येते आणि फोर्स्टर ती पानभर फुलवतात. इंग्रजी गद्यात संगीतावर लिहिलेल्या मजकुरात या पानाचं नाव घेतलं जातं. पडद्यावर मैफल दाखवून हेलनच्या मनात काय चाललंय ते दाखवणार कसं? चित्रपटात मैफलीच्या जागी व्याख्यान आहे. संगीत आणि अर्थ या विषयावर एक वक्ता बोलतो आहे, शेजारी पियानो वाजतो आहे, आणि ती पिशाच्चं आता वक्त्याच्या तोंडून येतात. श्रोत्यांतले एक वृद्ध गृहस्थ उठून शंकाही विचारतात. निवेदकाचे शब्द एका हाडामांसाच्या माणसाला मिळाले. वर आणखी एक साधलं: स्वतःला सुशिक्षित करण्यासाठी धडपडणारा गरीब कारकून लिओनार्ड बास्ट अशा व्याख्यानाला येणं अगदी स्वाभाविक आहे. तिथून हेलन चुकून त्याची छत्री घेऊन जाते, तो पावसात तिच्यामागे येतो आणि पुढची शोकांतिका सुरू होते.

सगळ्यांत अवघड निवेदक होता काझुओ इशिगुरो यांचा. ‘द रिमेन्स ऑफ द डे’ ही 1989 सालची बुकरविजेती कादंबरी. स्टीव्हन्स नावाचा बटलर 1956 साली मोटारीने प्रवासाला निघतो आणि गेलेल्या आयुष्याकडे मागे वळून पाहत लिहितो. तो खोटं बोलत नाही, पण स्वतःपासून सतत काहीतरी लपवतो. वडील वरच्या मजल्यावर मरत असताना तो खाली पाहुण्यांना पेयं देत राहतो. तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हे वाचकाला कळतं ते केवळ दुसऱ्या कोणीतरी त्याला बरं वाटतंय ना असं विचारल्यामुळे. स्टीव्हन्स स्वतः ते लिहीत नाही. पुस्तकाची सगळी ताकद या न लिहिण्यात आहे. या कादंबरीची पटकथा आधी हॅरॉल्ड पिंटर यांनी लिहिली होती. पुढे चित्रपट मर्चंट-आयव्हरींकडे आला, रूथ यांनी नव्याने लेखन केलं आणि पिंटर यांनी आपलं नाव श्रेयनामावलीतून काढून घ्यायला सांगितलं.

चित्रपट सुरू होतो तो एका बाईच्या आवाजाने. स्टीव्हन्सचे जुने मालक लॉर्ड डार्लिंग्टन यांच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव चालला आहे आणि पूर्वी तिथे हाउसकीपर असलेल्या मिस केंटन यांचं स्टीव्हन्सला आलेलं पत्र आपण त्यांच्याच आवाजात ऐकतो. कादंबरीत जो सगळं सांगतो, तो इथे ऐकणारा झाला. त्यामुळे स्टीव्हन्स साकारणाऱ्या अँथनी हॉपकिन्स यांच्या चेहऱ्याला गप्प राहण्याची मुभा मिळाली आणि स्टीव्हन्सच्या मनात काय आहे हे शोधायचं काम, वाचकाकडे होतं तसंच, प्रेक्षकाकडे राहिलं. स्टीव्हन्सचा आवाज सबंध चित्रपटावर पसरला असता, तर ते चाललं नसतं. माणूस ‘मी ठीक आहे’ असं म्हणत असताना त्याचा चेहराही समोर दिसला, तर लपवाछपवी लगेच उघडी पडते.

पात्रांची काटछाटही पाहण्यासारखी आहे. कादंबरीत घर विकत घेणारा अमेरिकन वेगळा आणि पूर्वी तिथल्या परिषदेत यजमानांना राजकारणातले हौशी ठरवणारा अमेरिकन वेगळा. पटकथेत दोघांचा एक झाला. ज्याने त्या उमरावांना तोंडावर सुनावलं, तोच वीस वर्षांनी त्यांच्या दिवाणखान्याचा मालक आहे, आणि स्टीव्हन्स त्याचीही चाकरी करतो. इतिहास कुठून कुठे गेला हे सांगायला वेगळा प्रसंग लागला नाही. कादंबरीच्या अखेरीस स्टीव्हन्स समुद्रधक्क्यावर एका अनोळखी माणसाजवळ रडतो. तो प्रसंग चित्रित झाला होता, पण अंतिम चित्रपटात ठेवला नाही. मला तो निर्णय पटतो. तोवर दोन तास हॉपकिन्स यांनी जे आवरून धरलं होतं, ते तिथे फुटलं असतं तर प्रेक्षकाला मोकळं वाटलं असतं, आणि या कथेने त्याला मोकळं वाटू देता कामा नये.

याच कथेत दोन ज्यू मोलकरणींना केवळ ज्यू म्हणून कामावरून काढलं जातं. लॉर्ड डार्लिंग्टन नाझींकडे झुकत चालले आहेत त्याची ती खूण. कादंबरीत त्या मुलींची नावं रूथ आणि सारा आहेत आणि त्या बऱ्याच वर्षांपासून घरात काम करतात. पडद्यावर त्या एल्सा आणि इर्मा आहेत: जर्मनीतून नुकत्याच पळून आलेल्या निर्वासित मुली, ज्यांना अडखळत इंग्रजी येतं. आल्यावर लॉर्ड त्यांच्याशी जर्मनमध्ये आपुलकीने बोलतात. नंतर त्याच घरातून त्यांना बाहेर जावं लागतं, आणि बाहेर म्हणजे कदाचित परत जर्मनीत, हे आपल्याला कळतं. वयाच्या बाराव्या वर्षी ज्या मुलीने कोलोन सोडून इंग्लंडचा किनारा गाठला, तिच्या नावावरच्या पटकथेत हा बदल आहे. रूथ स्वतःच्या बालपणाविषयी कथा-कादंबऱ्यांत जवळजवळ लिहीत नसत. दुसऱ्याच्या पुस्तकाचं रूपांतर करतानाच्या या बदलात मात्र ते बालपण मला स्पष्ट दिसतं. या पटकथेला 1994 साली ऑस्करचं नामांकन मिळालं, पारितोषिक गेलं ‘शिंडलर्स लिस्ट’ला.

सगळीच रूपांतरं जमली असं नाही. जेम्सच्या ‘द बोस्टनियन्स’मध्ये अखेरीस ऑलिव्ह चॅन्सलर हरलेल्या, अपमानित मनाने व्यासपीठाकडे धावते आणि जमाव शांत होतो, ती काय बोलली, बोलली की नाही, हे जेम्स सांगत नाहीत. 1984 सालच्या चित्रपटात ती भाषण करते. अभिनय रेडग्रेव्ह यांचाच आणि तो उत्तम आहे, तरीही जेम्सची ती सोडलेली जागा भरायला नको होती असं मला वाटतं. ‘द गोल्डन बोल’च्या प्रारंभी तर राजपुत्राच्या पूर्वजांच्या घरातलं व्यभिचाराचं आणि खुनाचं प्रकरण जोडलं आहे. जेम्स जे पाचशे पानं कुजबुजत सांगतात, ते इथे पाच मिनिटांत ओरडून कळतं. निवेदकाची जागा भरून काढण्याच्या नादात कधी कधी जास्त भरली जाते.

याच्या अगदी उलट ‘मिस्टर अँड मिसेस ब्रिज’, 1990 सालचा. इव्हान कॉनेल यांनी कॅन्सस सिटीतल्या एका सुखवस्तू जोडप्यावर दोन कादंबऱ्या लिहिल्या: 1959 साली बायकोच्या बाजूने, 1969 साली नवऱ्याच्या बाजूने. दोन्ही छोट्या छोट्या तुकड्यांत, सलग कथानक जवळजवळ नाहीच. एकाच संसाराकडे दोन खिडक्यांतून पाहणारी ही पुस्तकं एका चित्रपटात बसवायची होती. आपल्याकडे विजय तेंडुलकरांनी 1979 सालच्या ‘सिंहासन’साठी अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांची एक पटकथा केली, तेव्हा त्यांच्यापुढे सत्तेचे, गुन्हेगारीचे आणि कामगारांचे इतके धागे होते की प्रश्न गर्दी आवरण्याचा होता. रूथ यांच्यापुढे प्रश्न रिकामपणाचा होता. त्यांनी नवरा-बायकोला एकाच खोलीत ठेवलं आणि दोन पुस्तकांतलं अंतर त्या खोलीत येऊन बसलं. पॉल न्यूमन आणि जोआन वुडवर्ड, प्रत्यक्षातले पती-पत्नी, या भूमिकांत होते. न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षकांनी या पटकथेला त्या वर्षीचा पुरस्कार दिला. रूथ यांच्या सगळ्या कामात मला हा चित्रपट सर्वांत जवळचा वाटतो आणि तो सर्वांत कमी पाहिला गेला याचं वाईट वाटतं.

बुकर मिळाल्यानंतर रूथ न्यूयॉर्कला राहायला गेल्या. मर्चंट आणि आयव्हरी ज्या इमारतीत राहत तिथेच त्यांनी घर घेतलं. दिल्लीला येणं-जाणं चालू राहिलं. वीसहून अधिक पटकथा त्यांच्या नावावर आहेत आणि त्यातल्या बहुतेक आयव्हरींसाठी. स्वतःची मुख्य ओळख मात्र त्या कथा-कादंबरीकार अशीच मानत. मर्चंट 2005 साली लंडनमध्ये गेले, दफन मुंबईत झालं. त्यानंतर रूथ यांनी आयव्हरींसाठी एकच पटकथा लिहिली, पीटर कॅमेरॉन यांच्या ‘द सिटी ऑफ युवर फायनल डेस्टिनेशन’ची. मृत लेखकाचं चरित्र लिहायला त्याच्या वारसांची परवानगी मागत दक्षिण अमेरिकेत पोचलेल्या एका तरुण अभ्यासकाची ती गोष्ट आहे. एप्रिल 2013 मध्ये रूथ गेल्या. त्याच्या थोडेच दिवस आधी ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात त्यांची नवी कथा छापून आली होती.

जेम्स आयव्हरी यांना दिग्दर्शनासाठी तीनदा ऑस्करचं नामांकन मिळालं, पण ऑस्कर मिळालं ते 2018 साली, वयाच्या 89व्या वर्षी, ‘कॉल मी बाय युवर नेम’ या आंद्रे असिमन यांच्या कादंबरीवरून लिहिलेल्या पटकथेसाठी. तीही कादंबरी एका माणसाच्या आतल्या आवाजात, मागे वळून सांगितलेली आहे. चित्रपटात तो निवेदक नाही. पारितोषिक घेताना आयव्हरींनी मर्चंट आणि रूथ या दोघांची नावं घेतली.